वेचणीच्या हंगामातला सराव

सोयाबीन निघालं, पऱ्हाटी फुटली आणि कंबरदुखीसाठी मी करते तो आसनांचा क्रम पुरता बदलला. आपल्यातल्या बऱ्याच जणी शेतात राबतात, म्हणून यावेळी तेच जरा सविस्तर लिहिते.

कापूस वेचणारी बाई दिवसभर पुढे वाकलेलीच असते. कमरेला ओटी बांधलेली, ती भरत जाते तसा पुढचा ओढा वाढतो आणि सगळा ताण पाठीच्या खालच्या भागावर येतो. एवढं झाल्यावर घरी येऊन पुन्हा पश्चिमोत्तानासन कशाला? वेचणी आहे तोवर मी पुढे वाकायची सगळी आसनं बंद ठेवली आहेत, हलासनसुद्धा. त्यांच्या जागी भुजंगासन, अर्धशलभासन, सेतुबंधासन. शेतातसुद्धा ओळ संपली की उभं राहून, दोन्ही हात कमरेवर ठेवून चार-पाच वेळा हळू मागे वाकते. हे छोटं काम सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

दुसरा बदल वेळेचा. रात्री झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची सेंटीमीटरभर जास्त भरते ती त्यामुळेच. अशा फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण जास्त पडतो. म्हणून उठल्याबरोबर वाकणं नाही. आधी पाणी भरणं, चूल, थोडं चालणं, आणि तासाभरानंतर सतरंजी. अंगण झाडायला लांब दांड्याचा झाडू आणला आहे.

पाठीला आधार देणाऱ्या स्नायूंसाठी व्याघ्रासनाचा सोपा प्रकार करते: हातगुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, मग उलट. कॅनडातले मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅक्गिल यांच्या तीन मुख्य व्यायामांत हाच आहे. ते एकावेळी दहा सेकंदांच्या आतच थांबायला सांगतात. दमेपर्यंत धरून ठेवण्यापेक्षा थोडं थांबून पुन्हा करणं पाठीला मानवतं, हे मलाही पटलं.

दुखण्याकडे कसं बघायचं, तेही सांगते. आसन करताना दुखणं पोटरीतून, मांडीतून वर सरकून कमरेत आलं तर ते चांगलं लक्षण, भले कंबर जराशी जास्त ठणको. तेच खाली पायाकडे उतरलं तर ते आसन त्या दिवशी सोडायचं. आणि जांघेत बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा सुटला किंवा पायातली ताकद गेली, तर योग बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

सगळ्यांना एकच क्रम चालत नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुह्या त्या भुजंगासनानं माह्ये पाय भरून येते व बाई." त्यांना चालताना पाय जड होतात आणि बसलं की बरं वाटतं. मणक्यातली नसांची जागा अरुंद झाली की असं होतं, आणि मागे वाकल्यावर ती जागा आणखी कमी होते. त्यांना मी पाठीवर झोपून एकेक गुडघा छातीशी घ्यायला सांगितलं. तेवढं त्या न चुकता करतात.

अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेनं, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं, २०१७ सालीच जुनाट कंबरदुखीवर गोळ्यांच्या आधी व्यायाम आणि योग सुचवला आहे. आपल्याकडे मात्र गावोगावी दुखणं आलं की आधी इंजेक्शन. मला याचं फार वाईट वाटतं.

आता माझं. रात्री कूस बदलताना जाग येत नाही. गाठोडं डोक्यावर घेताना गुडघे आपसूक वाकतात, पाठ सरळ राहते. डावा पाय लांब केला की तोल अजून जातो, त्यावर काम चालू आहे. तूर निघाली की पुढे वाकायची आसनं हळूहळू परत आणीन, आधी गुडघे वाकवूनच.

फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्यांपैकी कुणी खांद्यांसाठी काही करत असेल, तर क्रमासकट कळवा. घरच्यांसाठी हवा आहे.