धामापूरच्या तळ्यावर सूर्यास्त टिपायचाय? साडेचारला पोचा

मोबाइलवरची सूर्यास्ताची वेळ बघून मालवणजवळच्या धामापूरला जाऊ नका, फसाल. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इथला सूर्यास्त सहाच्या सुमारास दाखवतात. पण ती वेळ मोकळ्या क्षितिजाची, तारकर्लीच्या किनाऱ्याला लागू पडणारी. धामापूरचं तळं १५३० साली दोन डोंगरांच्या मध्ये बांध घालून अडवलेलं आहे. सूर्य डोंगरावरच्या झाडीआड केव्हाच जातो आणि साडेपाचला पोचणाऱ्याला नुसती सावली मिळते.

म्हणून पोचल्यापोचल्या मूठ लावून बघा. हात ताठ लांब करून मावळतीकडे धरलेली मूठ म्हणजे साधारण दहा अंश. हिवाळ्यात एवढं उतरायला सूर्याला पाऊण तास लागतो. समोरचे शेंडे पाण्याच्या पातळीपासून एक मूठ वर असतील, तर सव्वापाचला खेळ संपला. डिसेंबरात सूर्य पश्चिमेपासून जवळपास २३ अंश दक्षिणेला मावळतो, हेही जागा निवडताना धरा.

फोटोचं गणित: पाण्यातलं प्रतिबिंब आकाशापेक्षा एक-दोन स्टॉप काळं येतं (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). ग्रॅज्युएटेड फिल्टर (वर गडद, खाली स्वच्छ असलेली काच) इथे आणूच नका. किनारा सरळ नाही, फिल्टरची रेघ झाडांवरून जाते आणि शेंडे काळे ठिक्कर पडतात. ट्रायपॉडवर -२, ०, +२ स्टॉप असे काळा, मधला, उजळ तीन फोटो घ्या आणि नंतर एकत्र जोडा. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८ ते एफ/११. व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) ऑटोवर ठेवलात तर केशरी रंग फिका होतो, ५५०० ते ६००० केल्विन ठेवा. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) काढा, तो प्रतिबिंबच खातो. फोकस प्रतिबिंबातल्या झाडावर हवा. समोर तरंगणाऱ्या सुक्या पानावर कॅमेरा अडकला, तर पान कडक आणि माड धूसर.

ट्रायपॉडचा त्रास सगळ्यात जास्त. काठचा गाळ वरून सुका दिसतो, पण दोन सेकंदांच्या एक्स्पोजरमध्येही पाय सूतभर खचतो आणि तिन्ही फोटो जुळत नाहीत. प्रत्येक पायाखाली जांभ्याची चपटी कपची ठेवा. एसी गाडीतून आलात तर बॅग अर्धा तास बंदच राहू द्या. लगेच उघडलीत की लेन्सवर दव धरतं.

सूर्य गेला म्हणून आवरू नका. सहानंतरची वीस मिनिटं सर्वांत सुंदर. वारा पडलेला असला तर पाणी आरशासारखं होतं, वरचं गुलाबी आभाळ जसंच्या तसं खाली उतरतं. त्या वीस मिनिटांसाठी मालवणहून पुन्हा जावं.

रिक्षा मात्र परतीसकट ठरवा आणि 'साडेसहापर्यंत थांबायचं' हे शब्द आधी बोलून घ्या. नाहीतर अंधार पडल्यावर थांबण्याचे म्हणून वेगळे मागतात, ते जाण्याच्या भाड्याहून जड पडतात. सूर्याचा गोळा पाण्याला टेकलेला हवा असेल तर धामापूर नकोच. सरळ देवबागच्या वाळूवर जा.