दोघांचा घरगुती मुक्काम

लहान गावातल्या घरगुती मुक्कामात हॉटेलसारखं रिसेप्शन नसतं, हे आज पुन्हा जाणवलं. दार उघडणारे मालकच आणि सकाळी नाश्ता बनवणारेही तेच. त्यामुळे पोचायची वेळ आधी कळवायची, उशीर होणार असेल तर वाटेतून फोन करायचा. बाथरूम खोलीतच आहे ना, हेही बुकिंगच्या वेळी स्पष्ट विचारा. फोटोवरून कळत नाही.

खरा घोळ गरम पाण्याचा. १५ लिटरच्या गीझरमधलं गरम पाणी एकाच्या शॉवरमध्येच संपतं, कारण आत शिरणारं गार पाणी उरलेलंही कोमट करून टाकतं. २ किलोवॅटच्या कॉइलला ते परत तापवायला साधारण २० मिनिटं लागतात. गीझरचा दिवा विझला की दुसऱ्याने जावं, नाहीतर सरळ बादली घ्यावी. (भांडण टळतं.)

स्वयंपाकघरावरची खोली शक्यतो नको, पहाटेपासून भांडी वाजतात. नाश्त्याची वेळ आणि काय खायला चालत नाही, ते रात्रीच सांगून ठेवा; सामान माणसं मोजून आणलेलं असतं, आयत्या वेळी बदल होत नाही. आणि पहाटे फिरायला जायचं असेल तर बाहेरच्या दाराची किल्ली झोपण्याआधी मागून घ्या.