घरी जाता येत नाही तेव्हा

चर्चच्या लोकांच्या घरभेटी बंद म्हणजे चर्चची सेवा बंद असं बरेच जण धरून चालतात. पण बायबलमधल्या प्रेषित पौलाला रोमला जायचं होतं आणि सारखं काहीतरी आडवं येत होतं (रोमकरांस पत्र 1:13 बघा), तरी त्याने लिहिलंच ना, आणि फिलिप्पैकरांना तर बेड्यांत असताना लिहिलं. आपल्याकडे फोन आहे राव.

आणि माझ्या मते साधा फोनच भारी. व्हिडिओ कॉलची लिंक पाठवली की वयस्कर मंडळी म्यूटच्या बटणाशी झगडत बसतात, तोवर प्रार्थना संपते. त्यापेक्षा कॉल करा, आधी "आत्ता बोलायला जमेल का?" विचारा, मग तब्येत, झोप, बायबलमधलं एखादं वचन, छोटी प्रार्थना, बास. स्पीकर चालू आहे का तेही विचारा, घरातले सगळे ऐकत असतील तर मनातलं कोण बोलणार? आणि कोणाची प्रार्थनाविनंती न विचारता ग्रुपवर टाकायची नाही म्हणजे नाही!

नवीन लोकांसाठी व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट बरी, एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो, एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, फक्त त्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला हवा नाहीतर मेसेज पोचतच नाही. व्हॉइस मेसेज दोन मिनिटांच्या आत आटपा, लांबलचक प्रवचन कोणी ऐकत नाही, पाळकसाहेबांचं असलं तरी.