ब्रह्मगिरीवर पावसातलं लोह मोजायला: वृत्तांत आणि मागून येणाऱ्यांसाठी सूचना

छत्री नेऊ नका. जुलैच्या पावसात ब्रह्मगिरी चढणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण छत्रीच्या काड्या पोलादी असतात, सांध्यांवर गंज असतो, आणि तिच्यावरून ओघळलेला एक थेंब बाटलीत पडला की मोजणी तिथेच संपली. साधा प्लास्टिकचा रेनकोट घाला, तोही धातूची चेन नसलेला. घड्याळ, बांगड्या, अंगठ्या घरी ठेवून निघा.

आम्ही एमएस्सीच्या रसायनशास्त्राच्या मुलामुलींना घेऊन गेलो होतो. वर्गात ध्रुवीय बर्फातल्या लोहाचा विषय चालला होता. अंटार्क्टिकातल्या 'डोम सी' या ठिकाणी तीन किलोमीटरहून खोल ड्रिल करून काढलेल्या बर्फाच्या गाभ्यात, म्हणजे लांब दंडगोलात, सुमारे ८ लाख वर्षांचं हिम थरांनी साठलेलं आहे. त्या हिमाबरोबर दूरवरची धूळ पडते, हिमयुगांत तर ती मुख्यतः दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाकडून आली, आणि धुळीबरोबर लोह येतं. हिमयुगांच्या ऐन थंडीत तिथे पडणारी धूळ उष्ण काळाच्या सुमारे २५ पट होती. १९९० मध्ये समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी याच्याशी समुद्राचा धागा जोडला. दक्षिण महासागरात नायट्रेट, फॉस्फेट मुबलक असूनही वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतीसदृश जीव, फारसे वाढत नाहीत, कारण लोह कमी पडतं. धुळीने ते पुरवलं की प्लवक वाढतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. हिमयुगांत हवेतला हा वायू ८० ते १०० पीपीएमने (दहा लाखांत इतके भाग) उतरला होता. त्यातला सगळा वाटा लोहाचा नाही, पण काही वाटा नक्की आहे, आणि तो किती हे ठरवायचं तर बर्फातलं लोह अचूक मोजता यायला हवं.

अडचण इथेच आहे. आजच्यासारख्या उष्ण काळातल्या थरांत एका ग्रॅम बर्फात लोह एका नॅनोग्रॅमच्या (ग्रॅमचा अब्जावा भाग) आसपास किंवा त्याहूनही कमी असतं. उलट आपल्या पायाखालच्या जमिनीत ते ठासून भरलेलं. पृथ्वीच्या कवचात सरासरी ५ टक्के, आणि आपल्या दख्खनच्या काळ्या कातळात त्याहून जास्त. मुलांकडून मी फळ्यावर हिशोब करून घेतला: मातीत ८ टक्के लोह धरलं आणि १०० मिलिलिटर पाण्यात फक्त एक मिलिग्रॅम माती पडली, तर ग्रॅममागे ८०० नॅनोग्रॅम लोह झालं. गाभ्यात जे आहे त्याच्या शेकडो पट, तेही डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कणातून. हे आकडे पाहूनच मुलं गंभीर झाली, आणि मग ध्रुवीय बर्फाला लागते ती काळजी आपल्या पावसाच्या पाण्यावर घेऊन पाहायची, असं सहलीचं ठरलं.

ब्रह्मगिरीच का, तर पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. ब्रह्मगिरीच्या पायथ्याचं त्र्यंबक नाशिकच्या पश्चिमेला असल्याने सातपूर-अंबडच्या कारखान्यांची धूळ त्या वाऱ्याबरोबर वर येत नाही, आमच्या नाशिक शहराच्या बाजूला जाते. गंगापूर धरणाच्या काठीही गोळा करता आलं असतं, पण तिथे गाड्या पार जवळ येतात. नाशिकहून त्र्यंबकला बस सतत असतात. रस्त्यावर सध्या सिंहस्थाच्या तयारीची धूळ आहे, म्हणून बाटल्यांची पेटी बसमध्ये मांडीवर घ्या, टपावर किंवा पायाशी नको. पहाटेची पहिली बस पकडा. तिसऱ्या श्रावणी सोमवारच्या आसपास मुळीच जाऊ नका. प्रदक्षिणेला लोटणाऱ्या गर्दीत नमुना घेणं अशक्य आहे आणि भाविकांनाही आपली अडचण होते. जोरदार पावसात वाट बंद करतात, निघण्याआधी त्र्यंबकला फोन करून विचारा. वाटेत काही उभारून ठेवायचं असेल तर वनखात्याशी आधी बोला.

बाटल्यांची तयारी चढाईपेक्षा मोठी आहे. काच नको, एलडीपीई किंवा पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या, बिनरंगी झाकणांच्या बाटल्या घ्या. आधी साबण, मग १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात आठवडाभर बुडवून ठेवणं, मग अतिशुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा खंगाळणं. निघेपर्यंत त्यांत सौम्य आम्ल भरून ठेवा आणि प्रत्येक बाटली दोन झिपच्या पिशव्यांत, एकीत एक अशी, घाला. हातमोजे नायट्राइलचे, पावडर नसलेले.

वर पोचल्यावर काम दोघांनी करायचं. एकाचे हात 'मळके': तो बाहेरची पिशवी उघडतो, पेटी धरतो, नोंदी करतो. दुसऱ्याचे हात 'स्वच्छ': तो फक्त आतली पिशवी आणि बाटली हाताळतो, इतर कशालाही शिवत नाही, नाकावरचं पाणीसुद्धा पुसत नाही. पायऱ्यांवर चहा विकणाऱ्या मावशी आमचं हे सारं कुतूहलाने पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पोरींनो, हे तर सोवळंच पाळताय की तुम्ही!" मला ते मनापासून पटलं. ध्रुवावर हिम गोळा करणारी मंडळी पांढरे स्वच्छ झगे घालून, वाऱ्याकडे तोंड करून हेच सोवळं पाळतात.

तुम्हीही वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा, म्हणजे तुमच्या अंगावरून आलेला वारा बाटलीवर जाणार नाही. नरसाळं जमिनीपासून मीटरभर तरी उंच हवं. खाली ठेवलं तर थेंबांबरोबर मातीचे शिंतोडे उडतात. पायऱ्यांच्या कडेचे लोखंडी कठडे टाळा. आम्ही मुद्दाम एक बाटली कठड्याजवळ धरली आणि बाकीच्या मोकळ्या पठारावर, फरक मुलांना डोळ्यांनी दिसावा म्हणून. माकडांपासून पेटी जपा, पिशवी दिसली की ती खाऊच समजतात. आणि पावसाच्या पहिल्या सरी सोडून द्या, त्यांत हवेतली सगळी धूळ उतरते. किंवा त्या वेगळ्या बाटलीत घ्या, तुलनेला उपयोगी पडतात.

एक गोष्ट विसरू नका, ती म्हणजे कोरी बाटली. अतिशुद्ध पाणी भरलेली एक बाटली वर न्यायची, नमुना घेताना जितका वेळ बाकीच्या उघड्या असतात तितकाच वेळ तीही उघडी धरायची, आणि परत आणून बाकीच्यांसारखीच तपासायची. तिच्यात जे लोह सापडेल ते आपण नेलेलं. कोरीचा आकडा नमुन्याच्या आकड्याच्या जवळ आला, तर नमुना कितीही कष्टाने आणलेला असो, तो टाकून द्यावा लागतो. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी ग्रीनलंडच्या बर्फातलं शिसं मोजलं ते अशाच काटेकोर कोऱ्यांच्या बळावर. त्यांच्या आधीच्या कितीतरी मोजण्यांत प्रयोगशाळेतलंच शिसं मिसळलेलं होतं.

परत आल्यावर पाण्यात शुद्ध आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा आणि थांबा. धुळीतलं लोह सावकाश विरघळतं. बर्फाच्या गाभ्यांचे नमुने वितळवून आम्लात आठवडे, कधी महिने ठेवतात, आणि किती काळ ठेवले हे आकड्यासोबत लिहितात, कारण काळ बदलला की आकडा बदलतो. आमच्या कॉलेजात फेरोझिन हे लोहाशी रंग देणारं रसायन होतं. लोह आधी फेरस रूपात आणायचं, मग फेरोझिन घातलं की जांभळा रंग येतो, तो ५६२ नॅनोमीटरवर मोजायचा. कठड्याजवळच्या बाटलीचा रंग इतरांहून गडद आला आणि प्रयोगशाळेत सगळे त्या नळीभोवती जमले. पावसाच्या पाण्याला ही पद्धत पुरते. ध्रुवीय बर्फाला नाही: लिटरला १० मायक्रोग्रॅम लोह असलं तरी एक सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये (मोजणीच्या छोट्या चौकोनी नळीत) प्रकाशाचं शोषण जेमतेम ०.००५ भरतं.

तिथे आयसीपी-एमएस, म्हणजे अणूंचे आयन करून ते वस्तुमानानुसार मोजणारं यंत्र, लागतं, आणि त्यालाही लोह सहज मोजता येत नाही. यंत्रातला तप्त प्लाझ्मा आर्गॉनचा. आर्गॉन ४० आणि ऑक्सिजन १६ जुळले की वस्तुमान ५६ होतं, आणि लोहाचा मुख्य समस्थानिकही ५६ च. म्हणून हेलियम भरलेल्या कक्षातून आयन पाठवून ते जोड-आयन मागे पाडतात, किंवा फार बारीक विभेदनाचं यंत्र वापरतात. त्याआधी गाभ्याचा बाहेरचा, ड्रिल आणि ड्रिलिंगचा द्रव लागलेला भाग सिरॅमिकच्या सुरीने तासून काढतात. भारतात असे गाभे राखणारी शीतप्रयोगशाळा गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात आहे. ज्या मुलांना या विषयात पुढे जायचं आहे त्यांनी तिथल्या संधींची माहिती आत्तापासून ठेवावी.

पुढच्या वर्षी जाणाऱ्यांनी आम्ल धुण्याचं काम मे अखेरीलाच उरकावं. जूनमध्ये परीक्षा आणि प्रवेशांमुळे प्रयोगशाळा मोकळी मिळत नाही, आणि जुलैचा सलग पाऊस लागला की लगेच निघता आलं पाहिजे. बाटल्यांचे क्रमांक पक्क्या शाईने बाहेरच्या पिशवीवर लिहा, बाटलीवर चिकटपट्टी नको. पायात पकड असलेले बूट हवेत, गंगाद्वाराच्या वरच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात. भूक लागली तर सगळ्या बाटल्या पिशवीबंद झाल्यावरच खा. मावशींकडची गरम भजी तोवर थांबतात.