पुणे ते सोलापूर: सेन्सर नवा, तरी इंजिनचा दिवा पेटलेलाच

पुण्याहून सोलापूर साधारण अडीचशे किलोमीटर. पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर हे टोलनाके, भिगवणनंतर डाव्या हाताला उजनीचं पाणी आणि पुढे सरळ चौपदरी रस्ता. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, चांगला आहे. लिहायचंय ते टेंभुर्णी मागे पडल्यावर डॅशबोर्डवर पुन्हा लागलेल्या पिवळ्या दिव्याबद्दल.

पुन्हा म्हणायचं कारण असं, की निघण्याआधी याच दिव्यासाठी पुण्यात एका वर्कशॉपमध्ये पुढचा ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा भाग, बदलून घेतला होता. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला दोषाचा कोड होता पी ०१३५, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या भागाच्या) आधीच्या सेन्सरचं हीटर सर्किट. मोहोळजवळ गाडी बाजूला घेतली, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावला. मोबाइलवर तोच कोड.

अशा वेळी पहिला प्रश्न असतो, गाडी पुढे न्यायची का? दिवा स्थिर असेल, इंजिन एकसारखं चालत असेल, तापमानाचा काटा जागेवर असेल आणि ऑइलचा लाल दिवा नसेल, तर सांभाळून मुक्कामापर्यंत जाता येतं. दिवा लुकलुकत असेल तर मात्र थांबा. याचा अर्थ बहुतेक वेळा मिसफायर असतो, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नसतं. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागडा भाग निकामी होतो. माझा दिवा स्थिर होता आणि तक्रार हीटरची होती. ऑक्सिजन सेन्सर साधारण तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही. हायवेवर एक्झॉस्टची उष्णताच त्याला पुरते. हीटरची खरी गरज थंड इंजिन सुरू करताना आणि सिग्नलवर उभं असताना. म्हणून गाडी हायवेवर मस्त पळत होती आणि दिवाही लागलेला होता.

सोलापुरात जुना पुणे नाक्याच्या बाजूला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. मुद्दाम वायरिंगवाल्याकडे, इंजिनच्या मिस्त्रीकडे नाही. हा कोड ‘सेन्सर मेला’ असं सांगत नाही. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, एवढंच कळतं, की हीटरमधून हवा तेवढा करंट जात नाहीये. फ्यूज, रिले, तार, कपलर (तारा जोडणारा प्लग), खुद्द हीटर, यातलं काहीही कारण असू शकतं. सेन्सर बदलून तोच कोड परत आला, तर दुसरा नवा सेन्सर घ्यायच्या आधी वायरिंग बघायलाच हवं.

ते म्हणाले, “मालक, सायलेन्सर गार होऊ द्या की आधी. उद्या सकाळी लवकर या.” हा सल्ला सोन्यासारखा होता. सोलापूरचा मे महिना, त्यात तापलेला एक्झॉस्ट. दुपारी तिथे हात घालणं म्हणजे भाजून घेणं.

सकाळी त्यांनी जे केलं ते प्रत्येकाने करून घ्यावं असं आहे. पोराशी तेलुगूत आणि माझ्याशी मराठीत बोलत त्यांनी प्रत्येक पायरी दाखवली. आधी फ्यूज: शाबूत. मग सेन्सरचा कपलर सोडवून हीटरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजले. बऱ्याच चार तारांच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन तारा हीटरच्या असतात. थंड हीटरचा रेझिस्टन्स गाडीनुसार दोन-तीन ओहमपासून पंधरापर्यंत सापडतो. आकडा आलाच नाही तर हीटर तुटलेला. आमचा ठीक निघाला. मग चावी ऑन करून गाडीकडच्या कपलरमध्ये व्होल्ट बघितले. मीटरवर बॅटरीइतकेच, बारा-साडेबारा. इथे बहुतेक जण वायरिंग पास करून टाकतात.

त्यांनी केलं नाही. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन तारांनी जोडला, एक टोक त्याच कपलरमधल्या सप्लायच्या पिनेला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. बल्ब नुसता लालसर झाला आणि मीटरचा आकडा धाडकन खाली आला. मल्टिमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे तारेतला एक धागा जरी शाबूत असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. हीटरला एखादा अँपिअर लागतो, २१ वॅटचा बल्ब पावणेदोनच्या आसपास ओढतो. तार खरी किती वाहते ते अशा ओझ्याखालीच कळतं. पूर्ण वृत्तांतातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

बल्ब पेटता ठेवून त्यांनी वायरिंगचा गुंडा कपलरपासून मागे हलवत नेला. गिअरबॉक्सजवळच्या पट्टीला तो घासत होता, तिथे हात लागताच बल्ब लुकलुकला. टेप सोलली तर वरचं प्लास्टिक जेमतेम खरचटलेलं, आत तांबं हिरवं पडून बहुतेक धागे तुटलेले. तेवढा तुकडा कापून नवी तार जोडली, झाळ (सोल्डर) दिली, हीट श्रिंक म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी चढवली आणि गुंडा पट्टीपासून लांब बांधला. झाळ गाडीकडच्या तारेला चालते. सेन्सरच्या स्वतःच्या तारांना देऊ नका, ग्रीसही भरू नका; अनेक सेन्सर बाहेरची तुलनेची हवा त्या तारांच्या आतूनच घेतात. बल्ब पुन्हा लावला तेव्हा लख्ख पेटला.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवला. दोष नोंदला गेला तेव्हाचा वेग, इंजिनचं तापमान, आरपीएम त्यात असतात आणि पुसल्यावर ते जातात. कोड पुसून दिवा विझणं म्हणजे दुरुस्ती झाली असं नव्हे. खरी परीक्षा थंड इंजिनाची. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी तुळजापूरला निघालो. पंचेचाळीस किलोमीटर, त्यात शहराची गर्दी, एकसारखा हायवे आणि शेवटी घाट, म्हणजे चाचणीला हवं ते सगळं. दर्शन घेऊन परतलो, दुसऱ्या सकाळी अक्कलकोट. स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरची तपासणी ‘पूर्ण’ दिसली आणि प्रलंबित (नोंदलेला, पण अजून दिवा न लावलेला) कोड एकही नव्हता, तेव्हाच पुण्याचा रस्ता धरला. स्कॅनर नसेल तरी हरकत नाही. दोष गेला असेल, तर लागोपाठ तीन ड्राइव्ह सायकल (गाडी सुरू करून, चालवून, बंद करण्याच्या फेऱ्या) नीट पार पडल्यावर दिवा आपोआप विझतो.

तुमचा कोड वेगळा असेल तर वाटही वेगळी. पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. तिथे सेन्सरआधी एक्झॉस्ट कुठे फुसफुसतोय का आणि इनटेकचे पाइप चिरलेत का ते बघा. पी ०४२० कन्व्हर्टरबद्दल आहे, पुढचा सेन्सर बदलून तो सहसा जात नाही.

सेन्सर बदलून घेतलात तर जुना मागून घ्या. माझा डिकीत होता. त्याच मीटरवर त्याचाही हीटर ठीक निघाला. आता तो सुटा भाग म्हणून गाडीतच ठेवलाय, टोकाला फडकं गुंडाळून.