वारा आडवा होता

कायोटी, म्हणजे लांडग्याचा लहान भाऊबंद. त्याला भुलवून जवळ आणणाऱ्या यंत्रातून जखमी सशाचा आक्रोश सुरू झाला आणि माझ्या अंगावर काटा आला. शेजारी बसलेले अमेरिकेतल्या नेब्रास्काचे गुरं पाळणारे आजोबा गवताकडे बघत होते. वारा कुठून येतोय ते.

"कायोटी सरळ येत नाही. वळसा घालतो, आधी वास घेतो."

तसंच झालं. जवळ आला असता तर शॉटगन, एकदम अनेक छरे उडवणारी बंदूक, तयार होती. पण तो ३०० यार्डांच्या पलीकडेच थांबला. आजोबांनी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं आणि रायफल खाली ठेवली.

"वारा आडवा आहे, हलकी गोळी वाहवते. नुसता जखमी होऊन फिरेल."

वासरं जन्मायचे दिवस आहेत, कायोटी त्यांच्यावर पडेल ही आजोबांची काळजी खरी आहे. तरीही थांबले. मला हे फार मोठं वाटलं.

लांडगे संपवल्यावर हा प्राणी पसरतच गेला. विष, सापळे, गोळ्या पचवून आज हवाई सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात आहे.

त्या यंत्रात कायोटीच्या पिल्लाचं केकाटणंही आहे. ते ऐकून आईबाप धावत येतात. आजोबा तो आवाज कधीच लावत नाहीत. तुम्ही लावला असता?