निवाऱ्याचा नकाशा आधी शेजाऱ्यांना दाखवा

सोसायटीमागच्या बंद शाळेत बेघर कुटुंबांसाठी निवारा होणार, हे आम्हाला वॉचमनकडून कळलं. साहजिकच ग्रुपवर गदारोळ. निवारा हवाच, शहरात लाख लोकसंख्येमागे एक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच बजावलंय. पण शेजाऱ्यांना आधी बोलवा ना! शेवटी आम्हीच बैठक लावली. नकाशा बघताच समोरच्या काकू म्हणाल्या, "बायकांची न्हाणी फाटकाच्या तोंडाशी? आणि पोरांचे कपडे वाळत कुठे घालायचे?" पुलाखाली राहणारी ताई स्पष्टच बोलली, "नवऱ्याला वेगळ्या हॉलात टाकणार असाल, तर आम्ही पुलाखालीच बऱ्या." आता कुटुंबागणिक पार्टिशन मागायचं ठरलंय. रविवारी सहाला पुन्हा बसतोय, विरोध करणाऱ्यांनी तर नक्की या.